राष्ट्रीय तुकडा

कोणतेही राष्ट्र ध्वजाखाली उभे राहते, गीतावर डोलते आणि जेवणावरून भांडते. पहिल्या दोन गोष्टींवर एकमत होऊ शकते, कारण ध्वज कोणी खात नाही आणि गीताचे शब्द कोणी फारसे ऐकत नाही. तिसऱ्या गोष्टीवर एकमत झाले, तर त्या राष्ट्राचे एकच मोठे कुटुंब झाले असे म्हणावे लागेल. आणि कुटुंबात तर मुळीच एकमत नसते. तेव्हा तो मार्ग तर्कानेच बंद आहे.

हे ठाऊक असूनही मनिलात राष्ट्रीय खाद्यनिश्चिती मंडळ स्थापन झाले. काम सोपे होते. सात हजारांवर बेटे, शंभरावर भाषा, आणि सर्वांनी मिळून एका पदार्थाचे नाव घ्यायचे. मुदत तीन महिन्यांची होती. ती अकरा वेळा वाढवून घेण्यात आली, यावरून काम किती कसून चालले होते हे ध्यानात यावे.

मंडळाचे सचिव होते होनोरियो दिमांदाल. वय छप्पन्न, अंगावर स्वच्छ बारोंग, म्हणजे समारंभाचा झिरझिरीत सदरा, आणि चेहऱ्यावर कोणालाही न दुखावणारे हसू. सचिवाला मताचा अधिकार नव्हता. होनोरियोंच्या आयुष्यातली ही सर्वांत सुखाची तरतूद होती. कारण मत असलेल्या माणसाचे काय होते, ते त्यांनी घरी पाहिले होते.

घरी एकाच ओट्यावर दोन बायका स्वयंपाक करीत (एक आई, एक पत्नी, गैरसमज नसावा). आई, नानाय बासिलिया, बातांगासच्या. त्यांच्या अदोबोत, म्हणजे व्हिनेगरात मंद शिजवलेल्या मांसात, डुकराचे मांस, व्हिनेगर, लसूण आणि हळद. सोया सॉसचा थेंबही पडला, तर त्या देवाची क्षमा मागत. पत्नी लिओनिसा बिकोलची. तिच्या अदोबोत नारळाचे दूध आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला ठसका लागेल इतकी मिरची. दर रविवारी दोन पातेली चढत. होनोरियो दोन्हींतले सारखे चमचे घेत, एका रविवारी डावीकडून सुरुवात करीत, दुसऱ्या रविवारी उजवीकडून. सव्वीस वर्षांत त्यांना कोणी "कुणाचा चांगला?" असे विचारले नव्हते. म्हणजे रोजच विचारले होते, पण तोंडाने नव्हे.

आता मंडळाने अदोबो निवडला असता, तर त्याची प्रमाणित कृतीही ठरवावी लागली असती, आणि तिच्याखाली सचिवाची सही झाली असती. सही करणाऱ्याला त्या दिवसापासून घरात कोण वाढणार, हा प्रश्न मंडळाच्या कक्षेबाहेरचा होता. होनोरियो मात्र तो रोज जेवताना स्वतःला विचारत.

मंडळाच्या बैठका अत्यंत सुसंस्कृत वातावरणात होत. सदस्य एकमेकांना अडाणी, भ्रष्ट आणि बेचव म्हणत, पण प्रत्येक वाक्याच्या शेवटी आदराचा 'पो' लावत, त्यामुळे इतिवृत्तात सर्व काही शोभून दिसे. सकाळी एकदा आणि दुपारी एकदा न्याहारीसाठी कामकाज थांबे. (उपस्थिती न्याहारीला शंभर टक्के, मतदानाला एकतीस टक्के.)

प्रथम सर्वेक्षण झाले. शंभरापैकी चौऱ्याण्णव नागरिकांनी अदोबो असे उत्तर दिले. शंभरापैकी शंभर नागरिकांनी पुढे "पण आमच्या आईच्या हातचा" असे जोडले. यात अदोबोचे नाव न घेणारे सहा जणही होते. अहवालाने निष्कर्ष काढला की देशात अदोबो लोकप्रिय आहे, मात्र तो फक्त एका घरात नीट होतो, आणि ते घर उत्तर देणाऱ्याचे आहे.

मग लेचोनचा विचार झाला. सेबूचे सदस्य तेओफिलो हे निखाऱ्यावर फिरवलेल्या अख्ख्या डुकराचे कैवारी. त्यांचे पोट पाहता कैवार मनापासूनचा होता.

"आमच्या लेचोनला सोबत सॉस लागत नाही पो," ते म्हणाले. "ज्यांना सॉस लागतो, त्यांनी आधी डुकराची माफी मागावी पो."

मनिलाच्या, म्हणजे सॉसवाल्या, सदस्यांनी हे वाक्य वैयक्तिक मानले आणि सभात्याग केला. न्याहारी आल्यावर ते परतले.

सिनिगांग या आंबट रस्सेदार पदार्थासाठी आंबटपणा उपसमिती नेमावी लागली, कारण कोणी चिंच म्हणे, कोणी पेरू, कोणी बिलिंबी. तिचा अहवाल अजून यायचा आहे; सदस्यांचे दात आंबले आहेत. बालुत, म्हणजे आत पिल्लू धरलेले बदकाचे अंडे, हे मात्र एकमताने नाकारले गेले. आपण ते मुख्यतः परदेशी पाहुण्यांचे तोंड कसे होते हे पाहण्यासाठी देतो. हे मनोरंजनाखाली येते, खाद्याखाली नाही, असा शेरा मारून प्रकरण दुसऱ्या खात्याकडे पाठवण्यात आले.

बारावी मुदतवाढ मिळणार नाही असे कळले, तेव्हा अध्यक्ष ॲटर्नी प्रुदेन्सिया यांनी चष्मा काढला. त्या चष्मा काढीत तेव्हा कोणाचे तरी काहीतरी व्हायचे.

"होनोरियो, आता तूच काहीतरी सुचव. तुला कुणाची बाजू नाही."

होनोरियोंना घाम फुटला. पण घाबरलेल्या माणसाला सुचते तसे चतुराला सुचत नाही. ते म्हणाले, "ॲटर्नी, आपण ठरवूच नये पो. भूक ठरवील. सगळे पदार्थ एका सभागृहात मांडू. लोकांना बोलावू. ज्याचा थाळा सर्वांत आधी संपूर्ण रिकामा होईल, तो राष्ट्रीय पदार्थ."

टाळ्या पडल्या. इतकी निष्पक्ष कल्पना मंडळात यापूर्वी आली नव्हती. ती त्याच दिवशी नियम क्रमांक चौदा झाली, आणि 'संपूर्ण रिकामा' या शब्दांखाली दुहेरी रेघ ओढण्यात आली. तिच्यातली चूक कोणाच्याच लक्षात आली नाही, कारण ती लक्षात येण्यासाठी परका माणूस लागला असता.

ठरलेल्या शनिवारी सभागृह गच्च भरले. सतरा प्रांतांचे सतरा थाळे. निवड समितीने बातांगासच्या थाळ्यासाठी नानाय बासिलियांना आणि बिकोलच्या थाळ्यासाठी लिओनिसाला बोलावले होते, आणि आडनावांच्या क्रमामुळे दोघी शेजारी शेजारी उभ्या होत्या. होनोरियोंनी हे पाहिले आणि ते खांबाला टेकून उभे राहिले.

ॲटर्नींनी घंटा वाजवली. "या, जेवू या!" असा पुकारा झाला, आणि राष्ट्र थाळ्यांवर तुटून पडले. भाताचे डोंगर सपाट झाले. लेचोनची कुरकुरीत कातडी पहिल्या दहा मिनिटांत दिसेनाशी झाली. तेओफिलोंनी विजयाचे भाषण खिशातून काढले.

आणि मग सगळे थांबले.

प्रत्येक थाळ्यात एक तुकडा उरला होता. एक अदोबोचा, एक लेचोनचा, सिनिगांगमध्ये एक कोळंबी, एकटीच, पाठ वाकवून. चारशे माणसे हातात काटे-चमचे घेऊन उभी होती, आणि एकही पुढे सरकत नव्हता. या मुलखात स्पॅनिश आले, अमेरिकन आले, जपानी आले, वादळे तर दरवर्षी येतात. पण चार माणसांदेखत शेवटचा तुकडा उचलणारा माणूस अजून आलेला नाही. आईने जन्मभर काय शिकवले, असे लोक विचारतील ना!

"तुम्ही घ्या पो."

"छे छे, तुम्ही घ्या पो. माझं पोट तुडुंब झालंय."

"तुमच्या मिसेसना द्या ना."

"तिला डॉक्टरनी मनाई केलीये." (मिसेस शेजारीच उभ्या होत्या, आणि त्यांना हे प्रथमच कळत होते.)

तासाभराने एका निवृत्त शिक्षिकेने मार्ग काढला. तिने लेचोनच्या तुकड्याचा अर्धा भाग घेतला. अर्धा भाग हा शेवटचा तुकडा नव्हे, हे सर्वांना पटले. मग दुसऱ्याने उरलेल्याचा अर्धा घेतला. तिसऱ्याने त्याचा अर्धा. हीच पद्धत इतर थाळ्यांवरही लागू झाली. तीन वाजेपर्यंत थाळ्यांतले तुकडे चष्म्याशिवाय दिसेनात, पण होते. कोळंबीचे तर केवळ स्मरण उरले होते, आणि तेही कोणी उचलत नव्हते. गणिताचे एक प्राध्यापक गर्दीत होते. ते म्हणाले की हे असे कधीच संपणार नाही, आणि मग त्यांनीही उरलेल्याचा अर्धा घेतला.

ॲटर्नींनी चष्मा काढला.

"नियमात बसणारा एकच मार्ग आहे. मत नसलेल्या माणसाने एक थाळा रिकामा करायचा. होनोरियो, ये पुढे. कोणताही उचल."

सभागृहाने वाट करून दिली. होनोरियो चालू लागले. सतरा थाळे होते, पण त्यांना दोनच दिसत होते. एकात हळदीचा पिवळा ठिपका, दुसऱ्यात खोबऱ्याचा पांढरा.

"ओन्योंग, बाळा," नानाय बासिलिया मऊ आवाजात म्हणाल्या, "माझ्याकडे बघू नकोस. मी काही बोलणार नाही. तुला गोवर आला तेव्हा तेरा रात्री मी डोळ्याला डोळा लावला नाही, ते तरी मी कधी बोलले का?"

"घे ना, तुला हवं ते घे," लिओनिसा म्हणाली. तिची मान दुसरीकडे होती. "माझं काय, मी परक्या गावची. सव्वीस वर्षं झाली, सवय झालीये मला."

"बघ, मी बोलले तरी का?"

"मी पण नाही बोलले, नानाय."

होनोरियोंचा हात वर उठला आणि हवेतच राहिला. त्यांना खरोखर रडू येत होते. सबंध देशात हा एकच माणूस होता, ज्याला दोन्ही पातेली आवडत होती, आणि हे सांगायला जागा नव्हती. घराघरांतून माणसे एका चवीसाठी भांडत होती. याला दोन चवी मनापासून हव्या होत्या, हा याचा गुन्हा.

मग त्यांच्या तोंडून शब्द गेले. ते कुठून आले, हे त्यांनाही नंतर सांगता आले नाही.

"ॲटर्नी, नियम चौदा चुकीचा वाचला गेलाय पो. आपण जो पदार्थ संपेल तो शोधत होतो. पण जो सतराच्या सतरा थाळ्यांत आहे, सगळ्या प्रांतांत सारखा आहे, ज्याच्यापुढे प्रत्येकाने मान खाली घातली, तो समोरच आहे. शेवटचा तुकडा. तोच राष्ट्रीय पदार्थ."

मग असा काही जल्लोष झाला की छतावरची कबुतरे उडाली. तेओफिलोंनी मनिलावाल्यांना मिठी मारली. कोणाचीही आई हरली नव्हती.

ठराव क्रमांक एक एकमताने मंजूर झाला. त्यातील ठळक तरतुदी अशा: शेवटचा तुकडा हा, कोणत्याही पदार्थाचा असो, राष्ट्रीय खाद्य मानला जाईल. तो खाता येणार नाही. त्याच्याकडे पाहता येईल, आणि दुसऱ्याला त्याचा आग्रह करता येईल. शाळांतून मुलांना तो न घेण्याचे शिक्षण देण्यात येईल (हे आधीपासूनच चालू असल्याने खर्च शून्य). परदेशी पाहुण्याने अनवधानाने तो खाल्ल्यास त्याला हसून माफ करावे, आणि तो गेल्यावर वर्षभर त्याची चर्चा करावी. एखाद्या राष्ट्राने स्वतःचे खाद्य न खाण्याचा कायदा करण्याची ही पहिलीच वेळ असल्याचे ॲटर्नींनी अभिमानाने नमूद केले. होनोरियोंनी सही केली. शाई वाळेपर्यंत त्यांनी तिच्यावर फुंकर घातली.

घरी परतताना जीपनी या सामायिक गाडीत होनोरियो दोघींच्या मधोमध बसले. होनोरियोंना वाटले, संकट टळले. अशा वेळी माणसाला असेच वाटते.

संध्याकाळी नानाय बासिलियांनी टेबल मांडले. लिओनिसाने भात वाढला, आणि दोघींनी आपापला थाळा होनोरियोंसमोर ठेवला, पिवळा डावीकडे, पांढरा उजवीकडे. मग दोघी समोर बसल्या. इतक्या वर्षांत त्या प्रथमच एका बाजूला बसल्या होत्या.

"आता इथे मंडळ नाही," लिओनिसा म्हणाली.

"लोक नाहीत," नानाय म्हणाल्या.

"कायदा पण नाही," लिओनिसा पुढे म्हणाली. "आता सांग, ओन्योंग. कुणाचा चांगला?"

होनोरियोंनी डावीकडून एक चमचा घेतला. उजवीकडून एक घेतला. दोन्ही अप्रतिम होते, नेहमीसारखे. त्यांनी डोळे मिटले, घास गिळला आणि म्हणाले, "भात छान झालाय."

दोघींनी एकदमच थाळे उचलले. त्या क्षणापासून सासू-सुनेचे विलक्षण मेतकूट जमले आहे. बाजाराला दोघी बरोबर जातात, हसतात, आणि रविवारी एकच पातेले चढते, निम्मी हळद, निम्मे नारळाचे दूध. होनोरियोंना त्यातले मिळत नाही. त्यांना भात मिळतो, हवा तितका.

वाचकांना हा गृहस्थ भित्रा वाटला असेल. "माणसाने एकदाचे खरे सांगून मोकळे व्हावे," असे तुम्ही मनात म्हणालाही असाल. विचार उत्तम आहे. तर मग आज जेवताना, घरातली सगळी माणसे पानावर बसलेली असताना, आमटी सर्वांत चांगली कोणाच्या हातची, ते मोठ्याने सांगा. घाई नाही. आम्ही थांबलो आहोत, आणि होनोरियोंच्या शेजारची खुर्ची रिकामीच आहे.