मोतुकावेचं निर्मनुष्यपण

मोतुकावे हे बेट निर्मनुष्य आहे. भूगोल एवढाच, की समुद्रात पोवळ्याच्या खडकाची एक बांगडी पडली आहे. आत उथळ पाणी, कडेला माड आणि माडांखाली नारळ फोडणारे दांडगे खेकडे. इतिहास त्याहून आखूड. पूर्वी लोक खोबऱ्यासाठी राहत. एका वादळाने त्यांचं बिऱ्हाड उठवलं. तेव्हापासून शेजारच्या बेटाचे सरदार किनाऱ्यावरच्या माडाला झावळी बांधत. झावळी आहे तोवर खेकड्याला हात लावायचा नाही, सोडली की खुशाल न्या. ही बंदी कधी कोणी मोडली नाही, म्हणून राखणीलाही कोणी नव्हतं.

ही ढिलाई राजधानीच्या लक्षात आली.

इकडे शेजारच्या बेटावर नोओरोआ पापांच्या नातवाचे केस कापायचे होते. जन्मापासून राखलेले, पहिली बट आजोबांनी कापायची, मग पंगत. पंगतीत खेकडा नसेल तर गावात तोंड दाखवायला नको. झावळी सुटली तसे पापा होडी घेऊन निघाले. वाळूवर पाय टेकतो न टेकतो तोच शिट्टी वाजली.

“मागे फिरा! बेट निर्मनुष्य आहे!”

“अरे, तू तुपूचा धाकटा तेआरिकी ना? मग तू इथे कोण?”

“मी माणूस नाही, पापा. मी पद आहे.”

पदाच्या मागे पदाची बायको चूल फुंकत होती. पलीकडे निर्मनुष्यता-निरीक्षक पहुडले होते, त्यांच्यावर नजर ठेवायला उपनिरीक्षक. इतक्या पदांच्या आत्म्यासाठी एक चर्चही उठलं होतं.

“पातेल्यात काय रटरटतंय रे?”

“खेकडेच. तुम्ही खाल्ले तर लूट, आम्ही खातो ती पाहणी. संख्या फार घटतेय, म्हणून आणखी पदं मंजूर झालीत.”

पापांनी डोकं खाजवलं. “एखादं रिकामं आहे?”

होतं. पापा खाकी चड्डीत शिरले आणि टोपल्या भरून पाहणी करू लागले. घरी न्यायची वेळ आली तेव्हा नियम कळला: पदाने बेट सोडायचं नाही, सोडलं, तर परत येताना ते माणूस धरलं जातं.

आजोबा येईनात, तेव्हा अख्खं कुटुंबच कात्री घेऊन होडीत बसलं. नातवाचे केस कमरेला टेकले होते. “पापा, आम्हीच आलो!” लेकीने हाक मारली.

पापांचे डोळे भरून आले. ते पुसून त्यांनी मागे वळून पाहिलं. निरीक्षक बघत होते.

“मागे फिरा! माणसांना बंदी आहे!”

“अहो पापा, मी तुमची मुलगी!”

“इथे पापा कोणी नाही, बाई.”

वाचकहो, म्हाताऱ्याला नावं ठेवू नका. त्याने निदान डोळे तरी पुसले. तुम्ही त्या होडीत असता, तर आधी एवढंच विचारलं असतं, “आमच्या जावयासाठी काही निघेल का?”