रंगोबाचा नेम आणि म्हशींचे पाणी

एका जंगलात, बाळांनो, बास्केटबॉलचे खूळ शिरले. कसे शिरले ते मला विचारू नका. चेंडूच्या जागी कवठ होते. सुगरणीने बूड नसलेली टोपली विणून जांभळीला टांगली होती. टोपली गळकी निघाली म्हणून हत्तीण तिच्याशी भांडूनही आली.

ओढ्याच्या अलीकडच्या काठाचा गार्ड होता रंगोबा माकड. गार्ड म्हणजे ज्याच्या हाती कवठ येते आणि पुढे ते कुणी टाकायचे हे जो ठरवतो, तो. रंगोबा रोज एकच ठरवायचा. आपणच टाकायचे, तेही लांबून. रेघेमागून गेले की तीन गुण, जवळून गेले की दोन.

कासवमास्तर त्याला समजावून थकले.

"अरे, टोपलीखाली आपलं अस्वल उभं असतं. त्याचा हात सरळ टोपलीत पोचतो. त्याला दे की."

"पण मास्तर, दोनापेक्षा तीन जास्त ना?"

"कवठ आत गेलं तर जास्त. तुझं जातं घुबडाच्या डोक्यावर."

घुबडाने झोपेतच मान हलवली.

रंगोबाचा तरी काय दोष? जवळून टाकले की प्रेक्षक जांभया देत. लांबून भिरकावले की "आहाहा!" करत. कवठ टोपलीत गेले की नाही, हे बघायला कुणी थांबतच नसे.

उन्हाळा आला. पाणवठा आटून डबक्याएवढा उरला. मग पैज ठरली. सामना जिंकेल त्या काठाने आधी पाणी प्यायचे, हरेल त्याने म्हशी डुंबून उठल्यावर. म्हशींनंतरचे पाणी रंगोबाने मागच्या उन्हाळ्यात चाखले होते. नुसत्या आठवणीनेही त्याला शिंका येत.

सामना संपत आला. पलीकडचा काठ एका गुणाने पुढे होता. कवठ रंगोबाच्या हाती आले.

"लांबून! लांबून!" सगळे जंगल ओरडले.

"इकडं दे की रे बाबा!" टोपलीखालून अस्वल कळवळले.

रंगोबाचे हात शिवशिवले. पण जिभेवर ती जुनी चव आली. त्याने डोळे मिटून कवठ अस्वलाकडे टाकले. अस्वलाने ते टोपलीत ठेवले, फडताळात बरणी ठेवावी तसे.

जिंकले की हो!

टाळी मात्र एकच वाजली, कासवमास्तरांची. मोर म्हणाला, "हे काय जिंकणं झालं? असं तर कुणीही जिंकेल." तरी रंगोबाला त्या दिवशी स्वतःचा फार अभिमान वाटला.

तेवढ्यात पलीकडचा गार्ड, झुंबर कोल्हा, चिडून उठला. त्याने जाता जाता कवठ ओढ्यापलीकडून भिरकावले. ते थेट घुबडाला लागले.

"आहाहा!" जंगल वेडे झाले. झुंबरच्या गळ्यात माळा पडल्या. सुतारपक्ष्याने ताशा धरला. झुंबरला म्हशीवर बसवून वाजतगाजत मिरवले. एवढा दमलेला वीर, त्याला आंघोळ नको का घालायला? म्हणून झुंबरसकट सगळ्या म्हशी पाणवठ्यात उतरल्या आणि मनसोक्त लोळल्या.

रंगोबा धावत पोचला. म्हशीने नाकाने बुडबुडे काढत त्याला वाट करून दिली.

"या, या. तुम्ही जिंकलात ना? मग आधी तुम्हीच प्यायचं."

रंगोबा प्यायला. आणि शिंकला.

तात्पर्य : कवठ नेहमी मोकळ्या गड्याकडे द्यावे. पाणी मात्र घरून न्यावे.