राधाबाईंचं उपासाचं ताक

“माझ्या घरातली गोष्ट चाळीच्या भिंतीलासुद्धा कळत नाही!” असं राधाबाई छातीठोक सांगत. खोटं नव्हतं. सून दुर्गा दोन जिवांची आहे हे शेजारच्या गंगुबाईंना पोट दिसेपर्यंत कळलं नाही. सांगायचं तरी कशाला? मागच्या खेपेला सगळ्या लालबागनं कौतुक केलं, आणि सातव्यात सगळं संपलं! आताही सातवाच चालू होता.

त्यात नाक्यावरच्या डॉक्टरानं दुर्गाची लघवी तपासायला मागितली. राधाबाईंना काळजी सुनेची होतीच, पण काचेची बाटली अख्ख्या गॅलरीतून न्यायची कशी? त्यांनी आत दोन चमचे दूध ओतलं, बूच ठोकलं. झालं ताक!

गॅलरीत गंगुबाई! संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्याहून नुकत्याच आलेल्या, आवाज गंजक्या पत्र्यासारखा.

“वैनी, ताक वाटतं? घोटभर द्या की! घोषणा देऊन देऊन घसा बसला!”

“शिवू नका!” राधाबाईंनी बाटली पदराखाली ओढली. “उपासाचं आहे!”

“अगो बाय, कुणाच्या उपासाचं?”

“डॉक्टरांच्या!”

“मग चला, मीही येते. घशाला औषध हवंच आहे!”

दवाखान्यात डॉक्टरानं नळीत थोडं ओतलं, दिव्यावर तापवलं, वर आंबट औषधाचे थेंब टाकले. पांढऱ्याफेक गुठळ्या! डॉक्टरही तितकाच पांढरा.

“प्रोटीन! एवढं मी जन्मात पाहिलं नाही!”

“म्हणजे काय हो?” राधाबाईंनी विचारलं.

“आजी, रक्त, मांस, केस, बाळाचं अंग, सगळं त्यावरच उभं राहतं. लोकरीच्या गुंड्यासारखी गुंडाळलेली साखळी असते. तापली की सुटते, एकमेकींत अडकते, अशी गुठळी होते. तेच सुनेच्या अंगातून वाहून चाललंय! आजच्या आज इस्पितळात हलवा, दोघांच्याही जिवाला धोका आहे!”

राधाबाईंना दवाखाना फिरताना दिसला. त्यांनी पुन्हा नळीकडे पाहिलं. तापवलं, आंबट घातलं, गुठळ्या वर, पाणी खाली... अशी नासलेली दुधं त्यांनी थोडी पाहिली होती? पण सांगायचं कसं? शेजारी गंगुबाई कान टवकारून! आणि न सांगावं, तर दुर्गा भीतीनंच अर्धी व्हायची.

“दूध आहे हो ते!” त्या किंचाळल्या. “मीच घातलं! पण दुधाखाली माझ्या सुनेचं काय आहे, ते आधी बघा!”

“वैनी,” गंगुबाईंचा बसलेला घसा एकदम सुटला, “म्हणजे मी घोटभर मागितलं, ते...”

“दिलं का मी? नाही ना? मग उपकार माना!”

दुसऱ्या दिवशी बिनदुधाची बाटली, पदराबाहेर! दारादारांत बाया उभ्या. “वैनी, आज दूध नाही?” राधाबाई झपाझप चालल्या. मागोमाग गंगुबाई.

डॉक्टरानं नळी तापवली. थेंब टाकले. राधाबाईंनी डोळे गच्च मिटले.

“आजी, सगळं स्वच्छ! प्रोटीन अजिबात नाही!”

राधाबाई मटकन बाकावर बसल्या, डोळे पुसले, देवाला हात जोडले. तेवढ्यात गंगुबाई त्यांच्याकडे बघताहेत हे लक्षात आलं, आणि त्या ताडकन उठल्या.

“अजिबात नाही? माझ्या घरात? रोज बांगडा खाऊ घालते मी तिला! नीट बघा!”