मौनातल्या आईचा फोन

टेपने आईचा आवाज काढायचं ठरवलं, ते फक्त एका वाक्यापुरतं. एक वाक्य बोलायचं, फोन ठेवायचा, विषय संपला. (दूध उतू जातं तेही आधी कडेला एकच बुडबुडा येऊन.)

टेप हे त्याचं कॉलेजातलं नाव. प्राचार्य असोत की शिपाई, एकदा आवाज कानावर पडला की हा लगेच तो जसाच्या तसा वाजवून दाखवी. मार्कांच्या नावाने आनंदच होता. पण मधल्या सुट्टीत कँटीनच्या हलत्या टेबलापाशी तो उभा राहिला, की चहावाला हातात गाळणी घेऊन ऐकत राही आणि तिकडे चहाचा काढा होई. शेवटच्या बाकाजवळची खिडकी, दोघांत एक चहा, संख्याशास्त्राच्या तासाला वाचनालयात काढलेली डुलकी, एवढ्यावर त्याचं राज्य सुखात चाललं होतं.

त्याचे बाबा लिफ्ट दुरुस्त करत. एके दिवशी दोन मजल्यांच्या मध्ये काम करताना ते छाती धरून खाली बसले. त्यांना बाहेर काढून आधी जवळच्या दवाखान्यात नेलं आणि मग दुसऱ्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात. छाती उघडावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले. पुरुषांच्या वॉर्डात पेशंटजवळ एकच माणूस, तोही पुरुष, असा तिथला नियम. म्हणून काका सोबत गेले आणि आई घरी राहिली.

गाडी वळणाआड गेली तशी आई देवापुढे उभी राहिली. "हे परत उंबऱ्याच्या आत पाऊल टाकतील, तोवर मी तोंडातून अक्षर काढणार नाही. लिहूनही सांगणार नाही, ते बोलण्यासारखंच झालं." हे तिचे शेवटचे शब्द.

"आई, चहा सोड, साखर सोड. बोलणं कसलं सोडतेस?" टेप म्हणाला.

आईने नुसती मान हलवली. तिचं बरोबरच होतं. एवढं मोठं मागायचं, तर आपल्याला सगळ्यांत प्रिय असेल तेच पुढे ठेवावं लागतं. आणि बोलण्याहून प्रिय असं आईला या जगात काही नव्हतं. दूधवाल्याशी दुधाइतकंच पाणी घालून ती बोलायची. भाजी पातेल्यात पडेपर्यंत तिला भाजीचा सगळा इतिहास सांगून झालेला असायचा. आता घरात फक्त घड्याळ बोलायला लागलं. पातेल्यावर पळी एकदा वाजली की जेवायला ये. दोनदा वाजली की अजून आला नाहीस? तिसऱ्यांदा ती सहसा पातेल्यावर वाजत नसे.

बाबांना मात्र हे कळू द्यायची सोय नव्हती. माणूस हट्टी. पाऊल घरात पडलं की बायको बोलणार, असं कळलं असतं तर ते तपासणीचे कपडे अंगावर घालूनच घरी निघून आले असते.

रोज संध्याकाळी काकांच्या फोनवरून बाबा बोलत.

"आईला दे."

"आंघोळीला गेलीय, बाबा."

दुसऱ्या दिवशी आई शेजारी गेली होती. तिसऱ्या दिवशी पुन्हा आंघोळीला.

"कसली आंघोळ करते रे ही? काय लपवताय माझ्यापासून? तिला काही झालंय का? खरं सांग!"

मागून नर्सचा ओरडा ऐकू आला. मग काका फोनवर आले. "अरे, दादाचा दाब चढलाय. दाब उतरल्याशिवाय डॉक्टर टेबलावर घेणार नाहीत, आणि फार दिवस थांबताही येणार नाही म्हणतात. वहिनीला आहे तिथून उठवून आण!"

वहिनी तिथंच उभ्या होत्या, हातात पळी घेऊन. टेपने तिच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी भरलं होतं, पण ओठ मिटलेले होते. त्याने घसा साफ केला.

"अहो, मी बरी आहे हो. तुम्ही जेवलात का?"

स्वतःचाच आवाज मुलाच्या तोंडातून ऐकून आईने आ वासला. व्रत मोडतं की काय असं वाटलं. मग पळी वर गेली. ती टेपच्या डोक्यावर उतरणार, तेवढ्यात फोनमधून एक लांब श्वास ऐकू आला.

"आलीस का गं," बाबा म्हणाले.

पळी हळूहळू खाली आली. आई भिंतीला टेकून जमिनीवर बसली.

झालं. एका वाक्याचं दुसरं झालं आणि रोज संध्याकाळी आईचा फोन सुरू झाला. आई समोर बसून खुणा करी आणि टेप बोले. पण आईचे हात तिच्या जिभेइतकेच भरभर चालत. तिने गळ्याभोवती दोन्ही हात फिरवले आणि गाठ मारल्यासारखं केलं.

टेप घाबरला. "अहो, तिथं कुणी गळफास घेतला का हो?"

"अगं, काय अभद्र बोलतेस! इथं आधीच काय कमी आहे?"

आईने कपाळावर हात मारला आणि खुंटीवरचा मफलर ओढून त्याच्या तोंडावर फेकला.

"नाही, म्हणजे... मफलर गुंडाळा म्हटलं. थंडी असेल."

कॉलेजात त्याचं हसू झालं. हजेरीला नाव पुकारलं तेव्हा तो "आले हो, आले" म्हणाला. सरांनी प्रश्न विचारला, तर "अहो, मला बाईमाणसाला काय कळतंय" असं बोलून गेला. सगळा वर्ग बाकं बडवत होता. टेपला मात्र हसू येईना. काडी हा त्याचा जिवलग दोस्त. "टेप, प्राचार्य लाव ना. किती दिवस झाले!" काडी म्हणाला. टेपने प्रयत्न केला. प्राचार्यांच्या आवाजात त्याने काडीला फोनवरचा रोजचा प्रश्न विचारला, पोट साफ झालं का? कँटीन कोसळलं. टेपने चहा तसाच ठेवला आणि उठून बाहेर गेला.

कारण संध्याकाळी बाबा आता वेगळंच बोलायला लागले होते.

"चिरंजीव जवळ आहेत का?"

"नाही हो. कॉलेजातून यायचाय अजून."

"मग सांगतो. मला भीती वाटते गं. आयुष्यभर दुसऱ्यांना सांगत आलो, घाबरू नका, दोर पक्का आहे. आतून तो दोर कसा झिजतो ते मी पाहिलंय ना."

आई खुणा करायची थांबली. "असं बोलू नये," एवढंच टेपला सुचलं.

"आणि त्याच्या नकला. मी त्याला ओरडायचो. एकदा संडासात जाऊन हसलो होतो, नळ सोडून. हे त्याला सांगू नकोस."

"नाही सांगणार."

"तसा गाढवच आहे म्हणा."

"अहो, असं काय! गुणी आहे माझं पोर," आईच्या आवाजात टेप घाईघाईने म्हणाला. आईने त्याच्याकडे अशी नजर टाकली, की मौन नसतं तर तिने नक्कीच काहीतरी सुनावलं असतं.

एके संध्याकाळी बाबा म्हणाले, "उद्या सकाळी टेबलावर घेतायत. कागदावर अजून सही केलेली नाही. डॉक्टर सांगतात, एवढे लोक परत येतात, एवढे येत नाहीत. तू सांग. तू म्हणशील तसं करतो."

टेपने आईकडे पाहिलं. तिने काहीतरी खूण करावी म्हणून त्याने हात जोडले. आईने डोळे मिटून घेतले. मान हलली नाही, बोटसुद्धा हललं नाही.

"अगं, आहेस ना?"

"आहे," टेप म्हणाला. "करून घ्या. मी आहे इथं."

दुसऱ्या दिवशी दुपारी काकांचा फोन आला. त्यांना नीट बोलता येत नव्हतं. रक्त थांबेना म्हणून छाती पुन्हा उघडावी लागली होती. बाबा मशीनवर होते. शुद्ध कधी येईल, येईल की नाही, डॉक्टर काही सांगत नव्हते.

त्यानंतर संध्याकाळचा फोन बंद झाला. आई दिवस मावळताना देवापुढे दिवा लावी आणि फोनजवळ येऊन बसे. टेपही बसे. एक दिवस त्याला राहवेना.

"मी सांगितलं त्यांना, करून घ्या म्हणून. तुझ्या आवाजात सांगितलं! तू का नाही थांबवलंस? डोळे कशाला मिटलेस?"

आई त्याच्याकडे बघत राहिली.

"बोल ना! एक शब्द बोल! बाबा मोठे की तुझं मौन मोठं?"

आईचे ओठ उघडले, थरथरले. मग तिने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं. टेपला एवढं कळलं, की ती हट्टाने गप्प नाही. बाबांच्या आयुष्याचं टोक आपल्याच जिभेखाली दाबून धरलंय असं तिला वाटत होतं, आणि जीभ हलली की ते सुटेल. ती हमसून रडली, पण तेही आवाज न करता. टेप तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडला. लहानपणी अशा वेळी ती गोष्ट सांगायची. आता तिने नुसतं थोपटलं.

(देव आपलं ऐकतो. कधी उशिरा ऐकतो, कधी अर्धंच ऐकतो, पण कान बंद करत नाही.)

बाबांनी डोळे उघडल्याचा फोन आला. मग एक चमचा पाणी घेतल्याचा. आणि पुष्कळ दिवसांनी काकांच्या खांद्यावर हात टाकून ते स्वतः दारात उभे राहिले. अंगावरचा सदरा खुंटीला अडकवल्यासारखा लोंबत होता. पुन्हा लिफ्टच्या खड्ड्यात उतरायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यांनी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं.

"आधी चप्पल काढा बाहेर," आई म्हणाली.

आणि सुटली. दूधवाला, भाजी, शेजारीण, घड्याळ, एक फोन सोडून सगळं तिने पहिल्यापासून सांगितलं. रडत सांगितलं, हसत सांगितलं, आणि स्वयंपाकघरात जाऊनही सांगत राहिली. काका घरी गेले. बाबा पलंगावर डोळे मिटून ऐकत होते.

टेप त्यांच्या पायाशी बसला. "बाबा, एक सांगायचंय. ते फोनवर..."

"पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं," बाबा म्हणाले. आवाज बारीक झाला होता, पण त्यांचाच होता. "तुझ्या आईने कधी माझं एक वाक्य पुरं होऊ दिलंय? ती ऐकतेय म्हटल्यावरच समजलो, ही ती नव्हे. पण मागे तिच्या बांगड्या वाजत होत्या, म्हणजे ती धड होती."

"मग आधी का नाही बोललात?"

"तुझ्याशी तुझ्या तोंडावर मला बोलता आलं असतं का?"

टेपने बाबांचं पांघरूण सारखं केलं. मग चाचरत विचारलं, "काकांना कळलं होतं?"

"सगळ्या वॉर्डाला कळलं होतं. माझ्या हातांत सुया. फोन मोठ्या आवाजावर ठेवून उशीला टेकवायचे. संध्याकाळ झाली की सगळे कुशीवर वळून ऐकायचे. शेजारच्या खाटेवर एक म्हातारबुवा होते, त्यांना भेटायला कुणी येत नसे. तुझ्या फोनच्या वेळेला ते आपली कवळी लावून बसायचे."

"कसे आहेत ते आता?"

"गेले. मी मशीनवर होतो तेव्हा. काका सांगत होते, जायच्या आदल्या संध्याकाळीसुद्धा विचारत होते, आज त्या पोराचा फोन नाही का?"

टेपचे डोळे भरून आले. एवढ्या वर्षांत एवढे आवाज काढले, पण इतकं मन लावून ऐकणारा माणूस त्याला कधी भेटला नव्हता. "आणखी काय म्हणाले?" त्याने हळूच विचारलं.

बाबा जरा घुटमळले. मग म्हणाले, "म्हणाले, नक्कल भिकार करतो, पण वेळ बरा जातो."