नेस्टरचा साक्षीदार

माझ्याइतका चांगला श्रोता सौदी अरेबियाच्या अख्ख्या पूर्व किनाऱ्यावर नाही, असं मी तेव्हा छातीठोकपणे सांगत असे. बोलणारे काय, पैशाला पासरी! ऐकणारा मिळायला भाग्य लागतं. अल-खोबरच्या आमच्या ऑफिसचं ते भाग्य म्हणजे मी, दीनानाथ टिपणीस, सीनियर अकाउंटंट. कुणीही यावं, माझ्या टेबलाशी बसावं आणि मन मोकळं करून जावं!

यातलं कौशल्य एवढंच, की ऐकायचं नाही. हुंकार द्यायचा. साधं 'हं' रोजच्या वापराला. समोरचा श्वास घ्यायला थांबला की 'अच्छा!' त्याने आवाज खाली आणला की 'बघा हं!' आणि टेबलावर थाप मारली की 'काय सांगता!' बस्स. एवढ्या सामानावर मी नोकरी टिकवली होती आणि संसारही.

संसाराबद्दल शालिनीचं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींचं, मत वेगळं होतं. इराकने कुवेत गिळलं त्या ऑगस्टमध्ये ती मला स्वच्छ म्हणाली होती, "अहो, पुण्याची तिकिटं काढा." आणि मी स्वच्छ म्हणालो होतो, "हं." परिणामी जानेवारीत लढाईला तोंड फुटलं, विमानतळ बंद झाला, तेव्हा आम्ही उभयता खोबरच्या फ्लॅटमध्ये, खिडक्यांना चिकटपट्ट्या मारत! कंपनीने दोघांना गॅस मास्क दिले होते. शालिनी कांदा चिरताना मास्क लावायची. तोही माझा. स्वतःचा तिने स्वच्छ फडक्यात गुंडाळून ठेवला होता.

"तिकिटं तर मिळाली नाहीत," ती मास्कच्या आतून म्हणायची, "निदान याचा तरी उपयोग होऊ दे."

"हं," मी म्हणायचो.

तर नेस्टर. आमच्या ऑफिसातला फिलिपिनो एस्टिमेटर, म्हणजे कामांच्या खर्चाचे अंदाज बांधणारा. अंगाने गोल, केसांना जेल, आणि बोलायला लागला की उघडा राहिलेला नळ! चार वर्षांपूर्वी मी कामावर रुजू झालो त्या पहिल्या आठवड्यापासून दुपारच्या सुट्टीत तो माझ्यासमोर बसायचा. माझी पोळीभाजी, त्याचा भात आणि सुकी मासळी. आणि विषय एकच: मनिलाच्या टीव्हीवर रोज दुपारी लागणारा एक कार्यक्रम. गाणी, नाच, चावटपणा, बक्षिसं, सगळं एकाच ताटात. वर्षानुवर्षं चाललेला आणि बंद पडायचं नाव न घेणारा. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. का, ते पुढे कळेलच.

नेस्टर मला त्या कार्यक्रमाचा इतिहास सांगायचा. शिवकालाचा सांगावा तसा, सनावळीसकट! सुरुवातीला पैसे कसे नव्हते, निवेदकांचे पगार कसे थकले, महिन्याभरात गाशा गुंडाळावा लागेल असं सगळे कसे म्हणत होते. मग त्याच वेळेला दुसऱ्या चॅनेलवर एक दुष्ट कार्यक्रम कसा सुरू झाला आणि त्याने माणसं कशी पळवली. एवढं माझ्या कानावर पडलं, कारण त्या दिवसांत भाजी कारल्याची असायची. भेंडी असली की माझे कान मिटायचे. तोंड मात्र चालू: "हं… अच्छा!… बघा हं!… काय सांगता!"

तो इंग्रजीत सांगायचा आणि मी मराठीत हुंकार द्यायचो. इंग्रजीत दाद द्यायची तर आधी ऐकावं लागतं ना!

लढाई सुरू झाली आणि मनिलाहून येणाऱ्या कॅसेटी थांबल्या. रजेवरून परतणारा प्रत्येक फिलिपिनो सामानातून त्या कार्यक्रमाच्या कॅसेटी आणायचा आणि ही मंडळी राहायची त्या कंपनीच्या कॅम्पात त्यांची पारायणं चालायची. आता परतणारं कुणी उरलंच नाही. सायरन वाजतायत, घरून फोन लागत नाही आणि वर हेही बंद! तेव्हा कॅम्पातल्या पोरांनी ठरवलं, की शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की मेसमध्ये आपणच तो कार्यक्रम उभा करायचा.

बुधवारी नेस्टर माझ्यासमोर बसला. मासळीला त्याने हात लावला नव्हता. भाजी कारल्याची होती, त्यामुळे मी ऐकत होतो.

"सर दीना, मी त्या कार्यक्रमात पहिल्या वर्षी नाचायचो, हे कॅम्पात कुणालाच पटत नाही. माझं पोट दाखवतात आणि हसतात."

तो नाचायचा? हे मला नवीन होतं! "अच्छा!" मी म्हणालो.

"नवा स्टोअरकीपर आलाय, रामिल. त्याचा मामा तिथे स्टुडिओत दिवे सांभाळायचा. रामिल म्हणतो, खरंच होतास ना, मग ज्या दिवशी चालू कार्यक्रमात दिवे गेले, त्या दिवशी काय घडलं ते सांग. मी सांगितलं असतं, सर. पण म्हणतील, याने कुठूनतरी ऐकून घेतलं. म्हणून मी म्हटलं, माझा साक्षीदार आहे! रामिल येण्याच्या कितीतरी आधी मी सर दीनांना सगळं सांगितलंय. त्यांनाच विचारा."

दिवे कधी गेले होते? तो दिवस नक्की भेंडीचा असणार!

"तुम्ही शुक्रवारी यायचं आणि फक्त खरं ते सांगायचं. तुमचं ऐकलं की कार्यक्रमाचा निवेदक मीच."

"नेस्टर," मी सहज विचारल्यासारखं केलं, "एकदा उजळणी करून घेऊ या का? तारखा वगैरे…"

"छे, छे, सर! मग ती साक्ष कसली? मी बायबलवर हात ठेवून सांगितलंय, की यावर तुमच्याशी चकार शब्द बोलणार नाही." मग तो पुढे झुकला. "सर, आखातात एवढी माणसं आहेत. माझं बोलणं ऐकून घेणारे तुम्ही एकटेच."

खरं सांगून टाकायला हीच वेळ होती. मी तोंड उघडलं. बाहेर आलं, "हं."

घरी येऊन शालिनीला सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला त्या माणसाची दया येत नाही हो. हेवा वाटतो. त्याला निदान चार वर्षांत कळेल."

गुरुवारी मी जमालुद्दीनचं दुकान गाठलं. जमालुद्दीन श्रीवर्धनचा. पुढे किराणा, मागे व्हिडिओ कॅसेटी भाड्याने.

"फिलिपिनो? सगळ्या गेल्या, दीनानाथभाऊ! लढाई लागली नि लोकांनी दोनच वस्तू उचलल्या. तांदूळ नि कॅसेटी. पण तुम्हाला कशाला हव्यात? वहिनींनी घराबाहेर काढलं काय?"

"जमालभाऊ, इज्जतीचा प्रश्न आहे."

त्याने पिंपामागे हात घालून एक धुळकट कॅसेट काढली. "ही एक हाय. नाच हाय, गाणी हायत, माणसं बेंबीच्या देठापासून ओरडतायत. तुमचं तेच असणार."

वर्णन तंतोतंत जुळत होतं. घरी लावली. भाषेचा एक शब्द कळेना. पण पाहतो तर काय, नाच ऐन रंगात असताना एकाएकी पडदा काळा! आरडाओरडा! पुन्हा उजेड, आणि स्टेजवर चक्क एक हत्ती!

"दिवे गेले! हाच तो दिवस!" मी सोफ्यावरून उठलो. "शालिनी, हत्ती! साक्षात गणपती पावला!"

"नीट विचारून खात्री करून घ्या," ती म्हणाली.

"हं," मी म्हणालो.

शुक्रवारी मी कडक इस्त्रीचा शर्ट घालून, खांद्याला गॅस मास्क लटकावून मेसमध्ये हजर! टेबलं जोडून स्टेज केलं होतं, डब्यांच्या चकचकीत झाकणांची माळ लावली होती. नेस्टरने पांढरेशुभ्र बूट घातले होते. ते मी कधी पाहिले नव्हते. बहुधा त्यांच्याबद्दल ऐकलं असणार, म्हणजे नसणार. टाचा झिजलेल्या, पण पॉलिश असं की त्यात तोंड दिसावं. मला पाहताच त्याने पोरांकडे वळून हात पसरले. आला की नाही माझा माणूस!

रामिल भाताच्या पळीचा माइक करून उभा होता. "सर, तुम्ही अकाउंट्सचे. तुम्ही खोटं बोलणार नाही. सांगा, दिवे गेले तेव्हा काय झालं?"

मी पळी हातात घेतली आणि सावध सुरुवात केली. "अंधार झाला."

पोरांनी माना डोलावल्या. नेस्टरचे डोळे चमकत होते.

"बराच अंधार झाला."

"मग?"

"मग… हत्ती आला."

मेस गप्प! ही शांतता कौतुकाची आहे, असं समजून मी पुढे सरसावलो. एकदा बोलायला लागलं की थांबवत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. नेस्टरबद्दल प्रथमच सहानुभूती वाटली. "हत्ती बिथरला होता! बायका किंचाळत होत्या! आणि तेव्हा हा आपला नेस्टर, एवढासा पोरगा, पुढे झाला आणि त्याने सोंड धरली! अशी!" मी पळीलाच सोंड करून दाखवली.

"सर," रामिल हळूच म्हणाला, "हत्ती तर त्या दुसऱ्या चॅनेलवर आला होता."

दुसऱ्या चॅनेलवर. म्हणजे त्या दुष्ट कार्यक्रमात! जमालुद्दीनने मला शत्रूची कॅसेट दिली होती आणि मी ती पाठ करून आलो होतो!

मेसमध्ये एकच गिल्ला झाला. कुणी टेबल बडवलं, कुणी हत्तीसारखं ओरडलं. आतापर्यंत नेस्टर नुसता बढाईखोर होता, आता तो फितूर ठरत होता. "नेस्टर, तू तिकडे नाचायचास?" रामिलने विचारलं. "इतकी वर्षं आम्हाला इकडचं सांगत होतास?"

नेस्टर माझ्याकडे बघत होता. त्याला सगळं कळलं होतं. सगळी चार वर्षं, सगळी भेंडी. त्याने एवढंच म्हणायचं होतं, की या माणसाने माझं अक्षरही ऐकलेलं नाही. साधं आणि खरं. मी मनातल्या मनात त्याला म्हणत होतो, बोल बाबा, बोल एकदाचं!

त्याने बुटांकडे पाहिलं. मग म्हणाला, "सर दीना म्हणतात तसंच झालं."

चारचौघांत पाहुण्याला खोटं पाडायचं नाही, अशी त्या लोकांची रीत आहे. ही रीत त्याने मला नक्की कधीतरी सांगितली असणार.

रामिलने माझ्या हातातली पळी काढून घेतली आणि दुसऱ्याच एका पोराला निवेदक केलं. कार्यक्रम सुरू होणार, तोच सायरन! मेसच्या मागे तांदळाची कोठी होती, दारं-खिडक्या पट्ट्यांनी बंद केलेली. आम्ही सगळे धावत आत घुसलो, मास्क चढवले आणि पोत्यांवर बसलो. माझ्या शेजारी नेस्टर. कारण उरलेल्या सगळ्यांनी त्याच्यापासून लांब जागा धरल्या होत्या.

मी मास्क लावला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी! कांदा! गुरुवारी संध्याकाळीच शालिनीने भजी केली होती.

नेस्टरने माझ्याकडे पाहिलं. त्याला ते अश्रू पश्चात्तापाचे वाटले असावेत. वाईट असं, की निम्मे होतेही. मग मात्र माझ्याने राहवेना. मी त्याच्याकडे सरकलो आणि मास्कच्या आतून सगळं सांगून टाकलं. मी कधीच ऐकलं नाही, कसं ऐकलं नाही, भाजी कुठली होती, कॅसेट कुठली होती. आता बाहेर गेलो की सगळ्यांसमोर उभं राहून सांगतो, तुझा काही दोष नाही. मला माफ कर, नेस्टर. आयुष्यात इतकं मनापासून मी कुणाशी बोललो नव्हतो. माझाच आवाज मला डब्यात अडकलेल्या भुंग्यासारखा ऐकू येत होता.

नेस्टर समोरच्या भिंतीकडे बघत मान हलवत होता. मी श्वास घ्यायला थांबलो. त्याच्या मास्कमधून आवाज आला.

"अच्छा!"

मी चमकलो. आवाज खाली आणून म्हणालो, "मला फार लाज वाटतेय रे."

"बघा हं!"

मी तांदळाच्या पोत्यावर थाप मारली. "नेस्टर, तू ऐकतोयस ना?"

"काय सांगता!"

शुद्ध मराठीत! माझाच सूर, माझाच हेल! चार वर्षं त्याने माझा एकेक शब्द कानात साठवला होता. होतेच किती म्हणा!

सायरन खोटाच निघाला. दारं उघडली. मी मेसमध्ये उभा राहून खरं काय ते ओरडून सांगितलं. पोरांनी ऐकून घेतलं आणि माना डोलावल्या. नंतर रामिल माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मित्रासाठी किती खोटं बोलाल, सर!"

मी नेस्टरला दारात गाठलं. तो पांढरे बूट काढून हातात घेऊन चालला होता.

"नेस्टर, थांब! दिवे गेले तेव्हा खरंच काय झालं होतं?" मी विचारलं. माझे दोन्ही कान टवकारलेले होते, आयुष्यात पहिल्यांदा.

त्याने बूट काखेत धरले.

"हं," तो म्हणाला आणि गेला.

त्या दिवसापासून दुपारी त्याचं टेबल वेगळं. त्या स्टुडिओत दिवे गेले तेव्हा काय झालं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. वाचकांपैकी कुणाला माहीत असेल तर जरूर कळवा. मी कान देऊन ऐकेन, अगदी शब्दन् शब्द!

शालिनीने आत्ताच खांद्यावरून डोकावून हे शेवटचं वाक्य वाचलं.

"हं," ती म्हणाली.