पडवीतला नांगर

टण्ण! भर दुपारी सगळं घर डुलकीत असताना गोठ्यातून पेला वाजला. सुकन्याने ओळखलं, सासऱ्यांना चहा हवाय.

सेवेतून निवृत्त झालेल्यांची योग्य व्यवस्था लावणे हे सुसंस्कृत समाजाचे पहिले कर्तव्य होय. (दुसरे, त्या व्यवस्थेचे उद्घाटन करणे.) युद्धनौकांच्या बाबतीत ही व्यवस्था फार सुबक आहे. म्हातारी नौका भंगारवाल्याकडे जाते, किंवा तिचं संग्रहालय होतं, नाहीतर नव्या नौकांना नेमबाजीचा सराव मिळावा म्हणून ती भर समुद्रात उभी राहून गोळे खाते. तिन्हींत तिचं मत कुणी विचारत नाही, म्हणून कामं अडत नाहीत.

पाथर्डी तालुक्यातल्या ह्या गावाने चौथी सोय काढली. इथून समुद्र इतका लांब की निम्म्या गावाने तो पाहिलेला नाही, आणि प्यायचं पाणीसुद्धा टँकरने येतं. अशा ठिकाणी नौदलाविषयीचा आदर अगदी शुद्ध राहतो. तेव्हा मोडीत निघालेल्या एका नौकेचा नांगर (जहाजाला जागेवर धरून ठेवणारा, शेतातला नव्हे) चौकात बसवावा, असं 'नौका गौरव समिती'ने ठरवलं. समितीचा सचिव वाल्मिक, म्हणजे सुकन्याचा नवरा. त्याचे वडील गहिनीनाथ उमेदीची सगळी वर्षं ह्याच नौकेच्या इंजिनखान्यात राबले होते, हा निव्वळ योगायोग. समितीने त्यावर वेळ घालवला नाही.

नांगर आला. ऊसतोडीला निघालेल्या गड्यांनी तो 'हय्या' करत ट्रॉलीतून उतरवला. चौथरा मात्र तयार नव्हता. (चौथऱ्यासाठी उपसमिती होती आणि तिच्यात दोन गट होते.)

"एवढी वर्षं देशाची सेवा केली, त्याला उघड्यावर टाकायचं?" वाल्मिकने समितीपुढे हात पसरले. त्याने आपली पडवी देऊ केली. टाळ्या पडल्या.

पडवीत गहिनीनाथांची, म्हणजे आबांची, बाज होती. ती गोठ्यात गेली.

"चार दिवसांचा प्रश्न हाय, आबा. त्याला गंज चढतो. तुमचं तसं न्हाई."

"व्हय बाबा," बाजेचं एक टोक स्वतःच उचलत आबा म्हणाले, "मी स्टेनलेसचा."

सुकन्याने नवऱ्याला आडोशाला गाठलं. "अवो, गोठ्याचं पत्रं फुटकं हाय. त्यांची छाती लगेच भरती. गार वारं सोसंल का?"

"मग मी काय म्हनतोय?" वाल्मिक म्हणाला. "गोठ्यात ठिवन्यासारखं असतं तर नांगर नसता का ठिवला तिथं?"

ह्या युक्तिवादाला तोड नव्हती. सुकन्याने पडवी झाडली, सारवली, वर रांगोळीही काढली. झाडू तिच्याच हातात होता, ही गोष्ट ती पुढे कुणाला सांगत नसे.

नांगराची बडदास्त पाहण्यासारखी होती. सकाळी तेलाचं फडकं. दुपारी पंखा, दमट हवा धरू नये म्हणून. (गोठ्यात पंख्याची गरज नव्हती, वारा चारी बाजूंनी येई.) संध्याकाळी दर्शन. आलेल्यांपैकी शंभर टक्के लोकांनी नांगराला टेकून फोटो काढले, अन् बरेचसे गहिवरले. गोठ्यात डोकावला तो एकटा दूधवाला, आणि तोही म्हशीसाठी.

नांगराच्या वरच, भिंतीवर, सासूबाईंचा हार घातलेला फोटो होता. भीमाबाईंनी दुखण्याचे दिवस मागच्या अंधाऱ्या खोलीत काढले होते. फोटो मात्र दर्शनी. घरात त्यांना एवढी उजेडाची जागा पहिल्यांदाच मिळाली होती.

चार दिवसांचे किती झाले ते उपसमितीला ठाऊक. इथे वाचकांनी वाल्मिकला नावं ठेवू नयेत. तुमच्या घरी नांगर नसेल. सोफा असेल, पाहुण्यांची खोली असेल, पोरांच्या अभ्यासाचं टेबल असेल. बाज हलवायला काहीही पुरतं.

तर सुकन्या चहा घेऊन गोठ्यात गेली. मागे तिची पाच वर्षांची लेक सृष्टी. आबा उठून बसेपर्यंत दोनदा खोकले. आतून लोखंड घासल्यासारखा आवाज आला.

"आबा, मी बोलते ह्यांच्याशी. आजच बोलते."

"ऱ्हाऊ दे गं पोरी. लई वर्षं पान्यात काढली त्यानं. बसू दे कोरड्यात." त्यांनी फुंकर मारून चहा घेतला. "फक्त पंखा जरा कमी करा म्हनावं. गारठंल तो."

सुकन्या पदराआड हसली. तिने आबांच्या पायावर गोधडी ओढली. सृष्टी तेवढा वेळ दारात उभी राहून एकदा पडवीकडे, एकदा बाजेकडे बघत होती. हिशेब जमल्यावर ती आईजवळ आली.

"आई, आजी आधी मागच्या खोलीत हुती ना? मग तिचा फोटो झाला, तवा पप्पांनी तिला पडवीत घेतलं."

"हं."

"मग आबांचा फोटो कवा करायचा?"