लायसन्स मेलं, वेस्ली वाचला

वेस्ली सेडलॅकच्या शर्टाच्या खिशात तिघांचे पैसे होते आणि मनात गाडी माघारी वळवायचा विचार होता. गाडी त्याची, चालवत होता तोच, आणि वाढदिवसही त्याचाच. एकविसावा. नदीपलीकडच्या कॅसिनोत एकवीस पूर्ण झाल्याशिवाय कोणाला आत घेत नाहीत, त्यामुळे शेजारी बसलेला गॅरेट आणि मागे बसलेली केन्झी गेले कित्येक महिने या शनिवारची वाट बघत होते. दोघांना एकवीस वर्षं उन्हाळ्यातच पूर्ण झाली होती, पण वेस्लीशिवाय जायचं नाही असा त्यांचा पण होता.

हा पण त्यांनी मोडला असता तर वेस्लीने दोघांना घरी बोलावून जेवू घातलं असतं. कारण वेस्लीला पत्ते खेळता येत नव्हते. येत नव्हते म्हणजे अजिबात नाही. पिसायला घेतले की निम्मे टेबलाखाली जायचे.

भानगड सुरू झाली ती एका फुशारकीपासून. गावातल्या लाकडाच्या वखारीत, जिथे गॅरेट कामाला होता, कोणीतरी ब्लॅकजॅकची गोष्ट काढली. पानांची बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची, पुढे गेलात की मेलात, एवढाच खेळ. वेस्लीच्या तोंडून निघून गेलं, "त्यात काय एवढं? रीनोच्या मामाने शिकवलंय मला सगळं." मामा रीनोत होता हे खरं. तिथल्या हॉटेलांत तो गालिचे बसवायचा. पण गॅरेट पडला भोळा सांब. त्याने त्याच आठवड्यात वेस्लीला आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं, पत्ते वाटले, आणि बोलाफुलाला गाठ पडावी तसा वेस्ली पाच वेळा लागोपाठ जिंकला. कसा, ते त्यालाही कळलं नाही. त्या रात्रीपासून वखारीत त्याचं नाव निघालं की लोक आवाज खाली आणून बोलायला लागले.

थाप मारायची आणि मग देव पाण्यात घालून बसायचं, ही वेस्लीची जुनी खोड. नऊ वर्षांचा असताना त्याने शाळासोबत्यांना सांगितलं होतं की गावच्या पोहण्याच्या तलावातल्या उंच फळीवरून मी डोळे मिटून उडी मारतो. रविवारी चर्च सुटल्यावर सगळी पोरं गोळा झाली. वेस्ली शिडी चढून फळीच्या टोकाशी उभा राहिला आणि तिथून पुढे सरकेना. पुढे पाणी, मागे अब्रू. पण नशीब असं थोर की नेमके तेव्हाच खालून बाबांनी हाक मारली, "वेस, उतर खाली. दाताच्या डॉक्टरची वेळ झाली." तो उतरला, हळहळत उतरला. दवाखान्याला कुलूप निघालं, म्हणून बाबांनी आइस्क्रीम खाऊ घातलं. तेव्हापासून वेस्लीचा ठाम समज होता की ऐन वेळी आपलं नशीब धावून येतं.

आज मात्र नशिबाचा पत्ता नव्हता. तीन रात्री फोनवर खेळाचे धडे बघून डोक्यात नुसता चिखल झाला होता. खिशातले केन्झीचे पैसे तिने इस्पितळाच्या स्वयंपाकघरात ताटं धुऊन साठवलेले होते. गॅरेटचे तर त्याच्या ट्रकच्या टायरांचे होते. टायरं इतकी झिजली होती की बर्फ पडायच्या आत बदलली नाहीत तर गॅरेट खड्ड्यात जाणार, हे सगळ्या गावाला माहीत होतं. आणि तरी तो कसा खुशीत बसला होता.

"दुप्पट झाले की थांबायचं," केन्झी मागून म्हणाली.

"तिप्पट," गॅरेट म्हणाला. "वेसचा हात चालला की मध्येच थांबवायचं नसतं."

कॅसिनोच्या दाराशी लोरेन नावाची पहारेकरीण उंच स्टुलावर बसली होती. तिने गॅरेटचं लायसन्स बघितलं, केन्झीचं बघितलं, आणि वेस्लीचं हातात घेऊन जरा लांब धरलं.

"वाढदिवसाच्या शुभेच्छा, बाळा," ती म्हणाली. "पण हे लायसन्स आज मेलं."

एकविशीच्या आत काढलेलं लायसन्स एकविसाव्या वाढदिवसालाच संपतं. नवीन काढायचं असतं, हे प्रत्येकाला माहीत असतं आणि प्रत्येक जण विसरतो. लोरेन म्हणाली की तिच्या दाराशी आठवड्यातून एक तरी वाढदिवसवाला असा येतो आणि एखादा तर रडतोसुद्धा.

वेस्लीलाही रडू येत होतं, पण आनंदाचं. सुंठीवाचून खोकला गेला होता. त्याने कपाळावर हात मारून घेतला, नियम म्हणजे नियम असं म्हणाला, आणि तुम्ही दोघं जा, मी इथे बाकावर बसतो असंही मोठ्या मनाने सांगितलं.

"तुझ्याशिवाय?" गॅरेट म्हणाला. "तुझ्या जिवावर आलोय आम्ही."

केन्झीने विचारलं, दुसरं काही ओळखपत्र चालेल का. वेस्लीने लगेच पाकीट उपडं केलं. मासेमारीचा परवाना, ग्रंथालयाचं कार्ड, एका पिझ्झावाल्याचं दहा शिक्क्यांचं कार्ड. लोरेनने मान हलवली. पासपोर्ट असेल तर सोडते, म्हणाली.

"पासपोर्ट माझ्याकडे कुठला?" वेस्ली म्हणाला.

"वेड्या, आहे की," केन्झी म्हणाली. "चर्चबरोबर मेक्सिकोला घरं बांधायला गेलो होतो ना आपण. तुझ्या फोटोला सगळे हसले होते."

हसले होते खरे. वेस्लीने मनातल्या मनात त्या चर्चला, मेक्सिकोला आणि बांधलेल्या प्रत्येक घराला दोन शब्द ऐकवले. मग म्हणाला, घर तासभर लांब आहे, जाऊन येईपर्यंत संध्याकाळ होईल. आणि मी आता गाडी चालवू शकत नाही. लायसन्स मेलेलं आहे, म्हणजे इथपर्यंत आलो तोच गुन्हा झाला. हे त्याने जरा जास्तच आनंदाने सांगितलं.

"मग काकांना सांगू आणायला," गॅरेट म्हणाला.

आता वेस्लीला खरंच हसू आलं. ऑक्टोबरातला शनिवार, मका वाळून खडखडीत झालेला, सोमवारी पावसाचा अंदाज. अशा दिवशी नेब्रास्कातला शेतकरी सख्ख्या भावाच्या लग्नालाही हार्वेस्टरवरून उतरत नाही. त्यातून बाबा चर्चमध्ये दानाची ताटली फिरवणारे. कॅसिनोसाठी मळणी थांबवा असं त्यांना सांगायचं म्हणजे शिव्या खायची सोय. शिव्या मिळाल्या की विषय संपला. वेस्लीने स्वतःच फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा केला.

हार्वेस्टरची घरघर ऐकू आली. वेस्लीने सगळं सांगितलं. लायसन्स, पासपोर्ट, मित्र खोळंबलेत, माझ्यावरच सगळी भिस्त आहे वगैरे. शेवटी म्हणाला, "पण तुम्हाला जमणार नाहीच ना, बाबा? मळणी आहे. मी समजू शकतो. अगदी समजू शकतो."

पलीकडे काहीतरी खटकन वाजलं. मग घरघर थांबली.

"पोचतो," बाबा म्हणाले आणि फोन बंद झाला.

गॅरेटचे डोळे भरून आले. असा बाप पाहिजे, म्हणाला. वेस्ली बाकावर जाऊन बसला.

पुढचा तास वाईट गेला. सहलीच्या बसने आलेले एक खांद्यावरून पट्टे घेतलेली पँट घातलेले आजोबा शेजारी टेकले. त्यांना गॅरेटने वेस्लीची कीर्ती सांगितली. रीनोचा मामा सांगितला, पाच डाव सांगितले, त्यातले दोन तर नवेच होते. आजोबांनी आपल्या बसमधल्या मंडळींना सांगितलं. बघता बघता पाच-सहा म्हातारे बाकाभोवती जमले आणि आपण या पोराच्या मागे उभं राहायचं असं त्यांचं ठरलं. एका आजीने तर वेस्लीच्या हाताचं बोट धरून बघितलं आणि पियानो वाजवतोस का म्हणून विचारलं. वेस्लीला वाटलं, आत्ता सांगून टाकावं. तोंड उघडलं, गॅरेटकडे बघितलं, आणि टायरं आठवून तोंड मिटलं. सांगितलं तरी अब्रू जाणार आणि नाही सांगितलं तर टायरं जाणार. शेवटी त्याने ठरवलं, पहिल्याच डावाला पोटात दुखल्याचं सोंग करायचं.

बाबांचा पिकअप दारापुढे लागला. अंगावर मक्याचा भुसा, डोक्यावर बियाणं कंपनीची टोपी. वेस्ली खिडकीशी गेला. बाबांनी त्याच्याकडे बघितलं. मित्रांकडे बघितलं, बाकाभोवतीच्या म्हाताऱ्यांकडे बघितलं, पुन्हा वेस्लीकडे बघितलं.

"तू खेळणार आहेस?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो," वेस्ली म्हणाला. आवाज उंदरासारखा आला.

बाबा वाकले आणि समोरच्या कप्प्यात बराच वेळ उलथापालथ करत राहिले. मग निळा पासपोर्ट काढून त्याच्या हातात दिला. वेस्लीने तो न उघडताच नेऊन लोरेनला दिला, बाबाही उतरून मागोमाग आले. म्हाताऱ्यांची रांग त्याच्या पाठीशी सरसावली. लोरेनने पान उघडलं, फोटो बघितला, वेस्लीला बघितलं.

"केस छान होते तुझे, एमिली," ती म्हणाली.

एमिली वेस्लीची धाकटी बहीण.

"अरेच्चा," मागून बाबा म्हणाले. "दोन्ही एकाच खणात असतात. घाईत दुसराच उचलला वाटतं."

म्हातारे हळहळले. केन्झीने डोक्याला हात लावला. वेस्लीचा जीव असा धाडकन भांड्यात पडला की आवाज सगळ्यांना ऐकू गेला असेल असं त्याला वाटलं. तो मान खाली घालून उभा राहिला, कारण मान वर केली असती तर हसू दिसलं असतं. मग त्याने खिशातून पैसे काढून ज्याचे त्याला दिले. गॅरेटने आपले इतक्या चपळाईने घडी करून बुटात घातले की वेस्लीने बघतच राहावं.

"काय रे?" केन्झी म्हणाली.

"काही नाही," गॅरेट म्हणाला. "बरं झालं असं नाही म्हणत मी. पण टायरं होती ना ती."

एवढ्या लांब आलोच आहोत तर जेवून जाऊ, असं बाबा म्हणाले, आणि रस्त्यावरच्या एका जुन्या खानावळीत चौघांनी चिली, म्हणजे राजमा-खिम्याचं तिखट कालवण, आणि दालचिनीचे रोल घेतले. दुसऱ्या रोलला वेस्लीला धीर आला. त्याने चमचा खाली ठेवला आणि सांगून टाकलं, मला पत्ते खेळता येत नाहीत. मामा गालिचे बसवतो. ते पाच डाव निव्वळ नशीब होतं.

गॅरेट केन्झीला म्हणाला, "बघितलंस? आमचं मन मोडलं म्हणून स्वतःकडे कमीपणा घेतोय."

"खरं सांगतोय मी."

"खऱ्या खेळाडूला गर्व नसतोच," गॅरेट म्हणाला आणि आपला उरलेला रोल वेस्लीच्या ताटलीत सरकवला. "नवीन लायसन्स आलं की परत जाऊ."

परतताना वेस्लीची गाडी गॅरेटने चालवायला घेतली, केन्झी त्याच्याबरोबर बसली, आणि मेलेल्या लायसन्सचा धनी बाबांच्या पिकअपमध्ये. नदीवरचा पूल ओलांडला. दोन्ही बाजूंना मक्याची शेतं, कुठे कापलेली, कुठे उभी. वेस्लीला वाटलं, आपली निम्मी उभी आहेत, आणि त्याला लाज वाटली.

"मळणी राहिली तुमची," तो म्हणाला.

"उद्या तू बसशील हार्वेस्टरवर. त्याला लायसन्स लागत नाही," बाबा म्हणाले. "त्या कप्प्यात पेपरमिंटच्या गोळ्या आहेत, एक दे."

वेस्लीने कप्पा उघडला. गोळ्यांच्या पुडक्यावर एक निळा पासपोर्ट होता. त्याने उघडला. मेक्सिकोच्या वेळचा, सगळे हसले होते तो फोटो.

त्याने तो बाबांपुढे धरला. बाबा रस्त्याकडे बघत होते.

"दोन्ही घेऊन आलो होतो," ते म्हणाले. "फोनवर तुझा आवाज ऐकला. म्हटलं, कुठला द्यायचा ते तोंड बघून ठरवू."

"कसं होतं तोंड?"

"उंच फळीवर होतं तसंच. गोळी देतोस ना?"

वेस्लीने गोळी दिली. एक स्वतःच्याही तोंडात टाकली. मागे आरशात त्याच्या गाडीचे दिवे येत होते, गॅरेट बहुधा मोठ्याने गात होता. बराच रस्ता गेल्यावर वेस्लीच्या डोक्यात काहीतरी हळूहळू जागचं हललं.

"बाबा."

"हं."

"ते दाताच्या डॉक्टरचं. तो रविवार होता ना?"

बाबांनी गोळी या गालातून त्या गालात नेली. "असेल."

"रविवारी दवाखाना उघडा असतो?"

"उघडा कुठे होता?" बाबा म्हणाले. "बंद होता, म्हणून तर आइस्क्रीम खाल्लं."